टी/सी हॉकेनची बदली नळी: ग्रीन माउंटनची ड्रॉप-इन शोधावी, की जुनीच बोअर करून घ्यावी?

थॉम्पसन/सेंटर (टी/सी) कंपनीची हॉकेन ही ठासणीची रायफल १९७० साली अमेरिकेत बाजारात आली आणि ठासणीच्या बंदुकांची हौस असलेली एक पिढीच्या पिढी तिच्यावर शिकली. त्या बंदुकांचं अक्रोडाचं लाकूड, लॉक, चाप अजून ठणठणीत असतात. जाते ती नळी. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढून घेते, आणि एका रात्रीची सफाई राहिली की ब्रीचपासून, म्हणजे नळीच्या मागच्या बंद टोकापासून, पुढची चार-सहा इंच भुरकट होऊन बसतात. सुदैवाने या बंदुकीची नळी स्क्रूने नाही, हुकने बसते. पाचर काढायची, तोंडाकडून उचलायचं, नळी हातात. म्हणूनच बदली नळ्यांचा बाजार उभा राहिला, आणि त्यात सगळ्यात जास्त शोधलं जाणारं नाव म्हणजे न्यू हॅम्पशायरमधल्या कॉनवेची ग्रीन माउंटन रायफल बॅरल कंपनी.

एक गोष्ट आधीच सांगतो. ग्रीन माउंटनच्या ड्रॉप-इन, म्हणजे जुनी काढून तिच्याच जागी बसणाऱ्या, नळ्यांचं उत्पादन थांबलेलं आहे, त्यामुळे हे परीक्षण जुन्या बाजारात हाताला लागणाऱ्या नळीचं आहे. आणि जुन्या बाजारात नळीचं नाव बघून पैसे मोजणारेच सगळ्यात जास्त फसतात.

नळी हातात घेतल्यावर पहिलं काम व्हर्निअरचं. अठपैलू नळीच्या समोरासमोरच्या दोन पैलूंमधलं अंतर मोजा. हॉकेनला लागते १५/१६ इंची, म्हणजे साडेसात सूत, २३.८ मिमी. टी/सीच्याच रेनेगेडला लागते पूर्ण एक इंची, २५.४ मिमी. सेनेका आणि चेरोकी ही बारकी भावंडं १३/१६ ची, साडेसहा सूत. विकणारा नुसतं 'टी/सीची नळी' म्हणतो आणि फोटोत या तिन्ही सारख्याच दिसतात. हॉकेनच्या दस्त्यात एक इंची नळी बसवायची तर खोबणी दोन्ही बाजूंनी पाव-पाव सूत खरवडावी लागते, तळही खाली न्यावा लागतो, आणि पुढची पितळी टोपी कानसायची ती वेगळीच. करता येतं, पण लाकडाची कड पातळ पडते आणि तो दस्ता परत मूळ नळीला कधीच नीट बसत नाही. उलट, रेनेगेडमध्ये हॉकेनची नळी टाकली तर बाजूला फट राहते. ती फट दिसायला वाईट असतेच, शिवाय प्रत्येक बाराला नळी थोडी वेगळ्या जागी बसते आणि गट, म्हणजे निशाणावरच्या गोळ्यांचा पुंजका, फाकतो.

दुसरं, कड्या. पाचर ज्यातून जाते त्या नळीखालच्या कड्या किती आणि कुठे आहेत ते बघा. हॉकेनच्या दस्त्यात दोन पाचरी, रेनेगेडच्या एकच. कडी दोन मिमी पुढे-मागे असली तर पाचर जाईल, पण नळी ब्रीचकडे ओढली जाणार नाही. असं असेल तर कडीचं भोक लांबवू नका. कडीच सरकवून बसवून घ्या.

आता हुक. सगळी गंमत इथे आहे. नळीच्या मागच्या टोकाचा हुक टँगमधल्या, म्हणजे दस्त्यात बसवलेल्या पोलादी पट्टीतल्या, खाचेत शिरतो, आणि धक्का याच जोडातून दस्त्यात जातो. टी/सीचा हुक टी/सीच्याच टँगला बसतो. इटलीच्या इन्व्हेस्टआर्मने लायमन कंपनीसाठी बनवलेल्या नळ्या दिसायला जुळ्या, काही तर मापानेही जवळच्या, पण हुकचा कोन वेगळा. स्पॅनिश बनावटीच्या नळ्यांचंही तेच. 'थोडं घासलं की बसते' असं कोणी म्हणालं तर ती नळी परत ठेवा.

हुक बसतो की नाही हे बघायची सोपी पद्धत अशी. हुकवर मेणबत्तीची काजळी धरा, नळी टँगमध्ये अडकवून खाली बसवा, परत उचला. टँगच्या उभ्या तोंडावर काळा डाग सलग रुंदीभर उमटला तर बसण नीट आहे. एकाच कोपऱ्यात ठिपका आला तर सगळा धक्का त्या एका ठिपक्यावर येणार, आणि काही दिवसांनी टँगच्या मागच्या लाकडाला चीर जाणार. घट्ट असेल तर घासायचं टँगच्या बाजूने, हुकच्या बाजूने कधीही नाही. टँग स्वस्त आणि सुटी मिळते. हुक गेला तर नळी गेली. ढिली असेल, म्हणजे पाचरी मारूनही तोंडाकडून नळी वर-खाली हलत असेल, तर पत्र्याचा तुकडा घुसवणं हा इलाज नव्हे. नवीन टँग घ्या आणि ती त्या नळीला जुळवून बसवा.

नळी विकत घेण्याआधी आणि आपल्या बंदुकीची नळी काढण्याआधी, दोन्ही वेळा, ती रिकामी आहे याची खात्री करायची. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या ठासणीच्या बंदुकीत भरलेला बार सापडणं ही रोजची गोष्ट नाही, पण नवलाचीही नाही. ठासायचा गज आत टाका, तोंडाशी खूण करा, गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून बघा. टोक निपलच्या, म्हणजे जिच्यावर ठिणगीची टोपी बसते त्या पोकळ बोंडीच्या, जवळपास पोचायला हवं. टी/सीच्या ब्रीचमध्ये दारूची कोठी नळीपेक्षा अरुंद असते, त्यामुळे टोकाला जाड जॅग (कापड धरणारं टोक) लावलेला गज थोडा अलीकडेच थांबतो. म्हणून ही परीक्षा नुसत्या बारीक गजाने करायची. दोन-तीन इंच कमी भरलं तर आत काहीतरी आहे असं धरूनच पुढे चला.

आतल्या तपासणीला दिवा लागतो, पण दिव्यापेक्षा हात जास्त सांगतो. घट्ट तेलकट पॅच (कापडाचा तुकडा) जॅगवर लावून गज सावकाश, एकाच गतीने खाली न्या. खरखर लागली तर गंज. मध्येच गज अचानक सैल पडून पुढे परत घट्ट झाला तर तिथे नळी फुगलेली आहे. गोळी दारूवर पूर्ण न बसवता, मध्येच अडकलेली ठेवून बार टाकला की असं वलय उठतं. हे वलय बाहेरून दिसत नाही. पैलूवर बोट फिरवून कधीकधी कळतं, कधी तेही नाही. अशी नळी फुकट मिळाली तरी नको. गंज मात्र वेगळी गोष्ट आहे. वरवरचा असेल तर घासून जातो, आणि खोल असेल तर पुढे सांगितलंय तसं बोअर करता येतं.

निपलचे आटेही तपासा. टी/सीचा निपल १/४-२८ आट्यांचा. लायमन-इन्व्हेस्टआर्मचा ६×१ मिमी. १/४ इंच म्हणजे ६.३५ मिमी, म्हणून सहा मिमीचा निपल टी/सीच्या भोकात दोन-तीन फेरे आरामात जातो आणि 'बसला' असं वाटतं. तो बसलेला नसतो, लटकलेला असतो. मागच्या मालकाने तसाच वापरला असेल तर भोकातले आटे चपटे झालेले दिसतील. निपल हाताने फिरवत शेवटपर्यंत न्या आणि शेवटच्या फेऱ्याआधी हलवून बघा. डुगडुगला तर नाही घ्यायची.

आता मुख्य मुद्दा, पीळ, म्हणजे नळीतल्या खाचा किती इंचात एक फेरा घेतात ते. ग्रीन माउंटनच्या नळ्या प्रामुख्याने दोन स्वभावांच्या मिळतात. १:७० पिळाच्या, पॅचमधल्या गोल गोळीसाठी, आणि १:२८ पिळाच्या, लांबट शिशाच्या गोळ्यांसाठी. टी/सीची मूळ नळी १:४८ ची, म्हणजे ४८ इंचात एक फेरा. १:४८ हा मधला मार्ग आहे. गोल गोळीही चालते, लांबटही चालते, दोन्ही बऱ्यापैकी. ज्यांना दोन्ही वापरायच्या आहेत त्यांनी मूळ पिळावरच राहावं असं आमचं मत. पण फक्त गोल गोळी टाकणार असाल तर १:७० ची नळी वेगळ्याच वर्गातली आहे. टी/सीच्या खाचा उथळ, तर ग्रीन माउंटनच्या गोल गोळीच्या नळीत त्या खोल, दहा थाऊच्या (इंचाच्या दहा हजारांशांच्या) आसपास. जाड पॅच त्यात नीट रुततो, आणि दारू थोडी जास्त-कमी झाली तरी गट फारसा बिघडत नाही. उथळ खाचांत हे लाड चालत नाहीत. १:२८ च्या नळीत मात्र गोल गोळी फक्त हलक्या बाराला साथ देते. दारू वाढवली की पॅच खाचांवरून घसरतो आणि गोळी सैरभैर जाते. 'ग्रीन माउंटन आहे पण निशाणच लागत नाही' ही तक्रार निघाली की आधी पीळ मोजून बघा.

पीळ नळीवर लिहिलेला नसेल तर मोजणं सोपं आहे. गजाची मूठ मोकळी फिरणारी हवी. घट्ट पॅच लावून गज तळापर्यंत न्या, गजावर तोंडाच्या रेषेत एक उभी खूण करा, आणि हळूहळू बाहेर ओढा. खूण पाव फेरा फिरली की किती इंच बाहेर आला ते मोजा आणि चारने गुणा. १२ इंच आले तर १:४८, साडेसतरा आले तर १:७०, सात आले तर १:२८. दोन-तीनदा करा, कारण पॅच कुठेतरी घसरतोच.

वजनाचा विचार फार थोडे लोक करतात. मूळ हॉकेनची २८ इंची .५० कॅलिबरची नळी, नुसतं पोलाद धरलं तर, सुमारे १.९ किलो भरते. ग्रीन माउंटनची त्याच जाडीची ३२ इंची नळी भरते २.२ किलोच्या आसपास. पाव किलोपेक्षा जास्त वजन, आणि तेही सगळं पुढच्या टोकाला. उभं राहून नेम धरणाऱ्याला हे आवडतं, नळी हलत नाही. डोंगर चढून शिकारीला जाणाऱ्याला संध्याकाळपर्यंत खांदा आठवण करून देतो. आणि बाहेरची जाडी तीच ठेवून कॅलिबर लहान घेतलं की नळी हलकी नाही, जड होते, कारण भोक लहान म्हणजे पोलाद जास्त. १५/१६ ची ३२ इंची .३६ ची नळी अडीच किलोच्या वर जाते. खारी-सशांसाठी म्हणून घेतलेली बंदूक अशी तोफेसारखी निघते.

चार इंच वाढले म्हणजे नळीखालची, गज धरणारी पट्टी आणि गजही बदलला. हॉकेनच्या मूळ पट्टीला पुढे चार इंच उघडं राहतं आणि मूळ गज तोंडापर्यंत पोचत नाही. फक्त नळी मिळाली आणि पट्टी नाही, तर किंमत ठरवताना ते धरा. नवी पट्टी लावताना नळीच्या तळाला स्क्रूची भोकं पाडावी लागतात, आणि सगळ्यात महाग चूक इथेच होते. १५/१६ च्या .५४ नळीची भिंत जेमतेम ५ मिमी असते. भोक भिंतीच्या अर्ध्याच्या आत थांबलं पाहिजे. ड्रिलला खोलीची कडी लावल्याशिवाय, डोळ्याच्या अंदाजाने हे काम करू नये. टॅपचं टोक निमुळतं असतं, म्हणून तळाशी आटे पाडायला सपाट टोकाचा टॅप लागतो. नुसतं भोक खोल करून आटे मिळवायला गेलं की नळी आतून उमलते. स्वतःच्या ड्रिल प्रेसवर विश्वास नसेल तर हे बंदूक-कारागिराकडे द्या. त्यात कमीपणा काही नाही.

नळी बसली की घोड्याचा नेम बघा. निपलच्या डोक्यावर काजळी लावा, घोडा हाताने धरून हळूच टेकवा, आणि घोड्याच्या वाटीत उमटलेलं वर्तुळ बघा. मधोमध हवं. एका कडेला गेलं असेल तर टोपी कधी फुटेल, कधी नाही, आणि फुटली तर तुकडे बाजूला उडतील. घोडा गार असताना वाकवू नका. ओतीव असतो, तुटतो. चकमकीच्या नळीत हीच तपासणी कानाच्या छिद्राची. छिद्राचा मध्य रंजकाच्या वाटीच्या वरच्या कडेच्या रेषेत असला पाहिजे. खाली गेला की रंजक आधी भुसभुस जळतं आणि बार उशिरा जातो.

साइट बदलावी लागली तर कानस उचलण्याआधी हिशोब करा. जितका फरक निशाणावर, गुणिले मागच्या-पुढच्या साइटमधलं अंतर, भागिले निशाणापर्यंतचं अंतर. ५० यार्ड म्हणजे १८०० इंच. साइटमधलं अंतर २४ इंच आणि गोळी ३ इंच खाली लागतेय, तर पुढची साइट ०.०४ इंच, म्हणजे एक मिलिमीटर कमी करायची. एक मिलिमीटर! लोक पहिल्या दिवशीच तीन मिमी कानसतात आणि मग नवी साइट शोधत बसतात. निम्मं कानसा, पाच बार टाका, मग उरलेलं.

नवीकोरी किंवा फारशी न वापरलेली नळी पहिल्या दिवसापासून गट देईल अशी अपेक्षा नको. खाचांच्या कडा धारदार असतात आणि पॅच कापतात. निशाणाच्या वाटेवर जमिनीवर पडलेले पॅच गोळा करा, ते सगळं सांगतात. मध्ये काळं गोल, कडेने फाटलेली झालर, पण कापड शाबूत: ठीक. गोळीच्या कडेच्या रेषेत सारख्या अंतरावर चिरा: खाचांच्या कडा कापताहेत. मध्ये जळून भोक: पॅच पातळ आहे किंवा तेल कमी पडतंय. कडा मऊ करायला हिरवं घासणीचं कापड जॅगभर कापून, तेलात भिजवून, पूर्ण लांबीत पन्नासेक वेळा फिरवा. तोंडाची कड कापत असेल तर बारीक पाणीकागद तोंडावर ठेवून अंगठ्याच्या गादीने गोल-गोल दाबा, मधूनमधून नळी पाव फेरा फिरवत. अंगठ्याची गादी आपोआप खाचांत उतरते आणि प्रत्येक खाचेची कड सारखी वळवते. ड्रिलला दगडी बोंड लावून हे करू नका. एका खाचेत जरा जास्त खाल्लं की गोळी कायमची एका बाजूला जाते.

सुरुवातीला .५० साठी ०.४९० ची गोळी (साधारण १७७ ग्रेन), ०.०१५ ते ०.०१८ चा पॅच आणि ५० ग्रेन काळी दारू पुरे. पुढे पाच-पाच ग्रेनने वाढवा, कंपनीच्या पुस्तिकेतल्या मर्यादेच्या आत. धूर न करणारी दारू या कुठल्याही नळीत चालत नाही, चिमूटभरही नाही.

ड्रॉप-इन सापडलीच नाही, किंवा सापडली आणि विकणाऱ्याने नावाचे पैसे मागितले, तर? तेव्हा जुनी नळी बोअर करून (भोक मोठं करून) नवं रायफलिंग, म्हणजे नव्या पिळाच्या खाचा, पाडून घेणं हा आमच्या मते जास्त शहाणा मार्ग आहे. हुक तोच, कडी तीच, निपल तोच, साइटच्या खाचा त्याच. बसण जुळवायचा प्रश्नच येत नाही. गंजलेली .५० ची नळी .५४ करता येते. १५/१६ मध्ये टी/सीने स्वतःच .५४ दिलेली आहे, त्यामुळे भिंतीची चिंता नाही. एक इंची रेनेगेडची नळी .५८ पर्यंत जाते. २८ इंची नळी .५० ची .५४ केली की वजन सुमारे १२० ग्रॅमने उतरतं. पीळही आपल्या पसंतीचा सांगता येतो, आणि खाचा खोल मागता येतात. तोटा एकच: गोळी जड होते (०.५३० ची सुमारे २२४ ग्रेन), म्हणून शिसंही जास्त लागतं आणि धक्काही वाढतो. हलकं कॅलिबरच हवं असेल तर आतून पोलादी अस्तर घालून घेता येतं, पण ते काम बोअर करण्यापेक्षा नाजूक आणि कारागीरही कमी. नळी परत आली की पहिला बार हातात धरून टाकू नये. बंदूक घट्ट बांधून, लांब दोरीने चाप ओढून दोन-तीन बार टाकावेत, आणि नंतर घट्ट पॅचने पुन्हा सैल जागा शोधावी.

कायद्याबद्दल एवढंच. अमेरिकेच्या संघीय कायद्यात काळ्या दारूची, तयार काडतूस न चालणारी ठासणीची रायफल 'प्राचीन शस्त्र' या व्याख्येत येते, म्हणून हॉकेनची नळी तुलनेने सहज मागवता येते. पण आधुनिक रायफलच्या फ्रेमवर ठासणीची नळी बसवलेली बंदूक, जसं टी/सीची एन्कोर, त्या व्याख्येत येत नाही. राज्याराज्यांचे नियम आणखी वेगळे आहेत, ते आपापल्या राज्याचे बघून घ्या.

कारागिराकडे नळी पाठवताना निपल, साइट, खालची पट्टी काढून घ्या, पण ब्रीचला हात लावू नका. तो ब्रीच कारखान्यात फार ताकदीने आवळलेला असतो. पान्याने ओढायला गेलं की पैलू चेपतात आणि हुक वाकडा होतो. काढायचा की नाही ते कारागीर ठरवेल. आत तेलाचा हात फिरवा, दोन्ही टोकांना लाकडी बूच मारा, आणि हव्या त्या गोळीचं माप, पॅचची जाडी आणि पीळ एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी नळीलाच बांधा. डब्यात सुटी टाकलेली चिठ्ठी हरवते, आणि मग .५४ मागितलेली नळी दुसऱ्याच कोणाच्या पिळाची होऊन येते.